हुंकारापुरतं जागं

उशीच्या अभ्र्याचा कोपरा घुशीनं खाल्ला, असं जयवंताबाईनं पहिल्यांदा ठरवून टाकलं. तिसऱ्या मजल्यावर घूस कशी चढेल, हा प्रश्न तिला पडला नाही असं नाही. पण जिनं आयुष्यभर एवढं काय काय चढवलं आणि उतरवलं, तिला एक घूस तीन मजले चढवणं काय जड? "पाह्य वं गोपिका," ती धुणंवालीला म्हणाली, "पाइपानं चढली असन. एवढी लंबी, का शेपटी गच्चीवर अन् तोंड खाली नालीत." गोपिकानं बादली कमरेवर घेतली आणि हसली. "आजी, तुमच्या घरची घूसबी तुमच्यासारखीच लंबी फेकणारी," म्हणाली आणि गेली. मग हातात नुसता अभ्रा राहिला. कोपरा ओला होता. चघळून चघळून धाग्यांचा चोथा झाला होता, आणि त्याच्या जरा वर दातांची ओळ उमटलेली होती. वरची ओळ सलग, खालच्या ओळीत समोरच फट. समोर फट असलेले दात या घरात कोणाचे आहेत, ते तिला चांगलं माहीत होतं.

तिनं अभ्रा बादलीत टाकला नाही. पदराखाली धरून बाल्कनीत जाऊन उभी राहिली. आत हॉलमध्ये कूलर फुल्लवर घरघरत होता. कूलरसमोर, दिवाण हलवून लावलेल्या दवाखान्याच्या पलंगावर मनोहरराव पडलेले होते. मघाशी ती अभ्रा काढत होती तेव्हा त्यांनी आपणहून मान उचलून दिली होती आणि म्हणाले होते, "धुवाले टाकून राहिली का? राहू दे नं. चांगला आहे." तेव्हा तिला वाटलं, बिचारे, मले काम नको म्हणून म्हणून राहिले. आता वाटलं, फुटलेली पाटी लपवणारं पोरगं असंच बोलतं. चांगली आहे, राहू दे. नंदनवनच्या त्या गल्लीत खाली आंबेवाला ओरडत होता, समोरच्या गच्चीवर कोणी पापड वाळत घालत होतं, सगळं उन्हात पांढरंफट्ट झालेलं, आणि तिला कळत नव्हतं की एवढ्या उजेडात आपल्या हाताला हा थंडपणा कुठून येऊन राहिला. म्हणजे रात्री ती बाजूला झोपते तेव्हा? का दुपारी ती स्वयंपाकघरात जाते तेव्हा? समोर असताना तर नाही. समोर असताना तो माणूस तिच्याकडे बघत असतो आणि जिथं द्यायचा तिथं बरोबर हुंकार देत असतो.

हुंकाराशिवाय तिच्या तोंडातून गोष्ट निघतच नसे. कुहीला, तिच्या माहेरी, धानाच्या खळ्यावर रात्री गोष्ट सुरू झाली की एकानं 'हं' म्हणायचं, हे ठरलेलंच. हं थांबला, की सांगणाऱ्यानंही तिथंच तोंड मिटायचं. लग्न होऊन ती नागपूरला आली तेव्हा तिला धास्ती होती, की शहरातला माणूस, टेलिफोन ऑफिसातला, दिवसभर कानाला यंत्र लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडणारा. याच्या कानात आपल्यासाठी काय उरणार? तर उरलं होतं. पहिल्याच आठवड्यात तिनं त्यांना देवरावमामाची म्हैस सांगितली. उमरेडच्या बाजारातून मामानं म्हैस घेतली, चालवत न्यायचा कंटाळा आला, म्हणून एस.टी.त बसवली, कंडक्टर म्हणे तिकीट काढा, मामा म्हणे बारा वर्षांची व्हायची आहे, हाफ द्या. मनोहररावांनी 'हं' म्हटलं. हसले नाहीत, खोटं म्हणाले नाहीत, फक्त हं, आणि थोड्या वेळानं, "खिडकीची सीट भेटली का तिले?" तिथंच ती त्या माणसाची झाली. त्यानंतर त्या म्हशीनं काय नाही केलं. पाचगावला उतरून चहा पिली, दिघोरी नाक्यावर पोलिसाला शिंग दाखवलं, सक्करदऱ्याला सिनेमा पाहिला. पोरगा विहंग मोठा झाला, इंजिनीअर झाला, बंगलोरला गेला, सून अदिती आली, नातवंडं मोबाइलमधून मान वर न करता "आजी, बस नं" म्हणायला लागली. सगळ्यांचे कान एकेक करून भरत गेले. यांचे तेवढे कधी भरले नाहीत.

आणि मग दुखणं. प्रोस्टेटमधून निघालं आणि हाडांत जाऊन बसलं, मणक्यात, कमरेत, बरगड्यांत. एखादा चिवट भाडेकरू एकेक खोली बळकावत जातो तसं. रामदासपेठेतल्या त्या दवाखान्यात, होळीच्या सुमाराला, डॉक्टरांनी खुर्ची पुढं ओढून सांगितलं, "आता बरं करायचं औषध आपल्याकडं नाही. दुखू न देण्याचं आहे." विहंग आला होता. त्याला अजून एक केमो पाहिजे होती, वेळ आली तर आयसीयू पाहिजे होतं, नळी पाहिजे होती. डॉक्टर म्हणाले, "काकांनाच विचारू ना," आणि मनोहररावांना विचारलं. मनोहररावांनी आधी जयवंताबाईकडं बघितलं. मग म्हणाले, "घरी." सगळ्यांनी ते त्यांचं म्हणणं धरलं. तिनंही धरलं. नातेवाइकांत तिचं केवढं नाव झालं, गोपाळराव, मोठे दीर, फोनवर रडले, म्हणाले, "जयवंता, तू आहेस म्हणून माझ्या भावाले घरचं छप्पर भेटलं." आज बाल्कनीत मात्र तिला ते मधलं बघणंच दिसायला लागलं. आधी बघितलं, मग बोलले. त्याआधी दवाखान्यात दोन दिवस दुखणं थांबवायच्या गोळीवर ते झोपून होते. ती कोपऱ्यातल्या स्टुलावर. दुसऱ्या दिवशी तिनं त्यांच्या कानाजवळ वाकून म्हैस सुरू केली, हळूच, नर्सला ऐकू जाऊ नये म्हणून. हं आला नाही. म्हैस तशीच रस्त्यात उभी राहिली. त्याच संध्याकाळी ती सगळ्यांना सांगत सुटली होती, मी त्याइले घरी नेते, मी सारं करते, मले सारं जमते. कशासाठी नेत होती गं बाई? त्यांना छप्पर पाहिजे म्हणून, का तुला हुंकार पाहिजे म्हणून?

घरी आल्यावर पहिले काही दिवस तिनं गोळी अख्खीच दिली. देव शपथ. डॉक्टरांनी सांगितलं होतं, दुखायची वाट पाहू नका, घड्याळावर द्या. ती घड्याळावर देत होती आणि ते झोपत होते. जागे झाले तरी डोळे काचेसारखे, घोटभर पाणी, की पुन्हा झोप. घर एवढं मुकं झालं की तिला फ्रिजचा राग यायचा, तो मधेच गुरगुरून गप्प बसायचा म्हणून. मग एका दुपारी तिचाच डोळा लागला आणि गोळीला उशीर झाला. जागी झाली तर ते तिच्याकडं बघत होते. डोळे स्वच्छ. कपाळावर आठी, पण डोळे अगदी जुने, लग्नातले. म्हणाले, "म्हैस कुठवर आली वं?" एवढं ऐकून तिला जे झालं ते तिला अजून सांगता येत नाही, तिला, जिला सगळं सांगता येतं. त्या दिवशी तिनं सुपारीचा अडकित्ता घेतला, गोळी मधोमध कातरली, अर्धी त्यांना दिली. आजच्यापुरती. उद्यापासून अख्खी. त्यांना म्हणाली, "डॉक्टर म्हणते, आता अर्धीच पुरे. सुधरून राहिले तुम्ही." ते म्हणाले, "हं."

उरलेल्या अर्ध्या ती लवंगांच्या डबीत टाकत गेली. फेकवल्या नाहीत. डबी आता भरत आली होती, आणि तिनं ती लोणच्याच्या बरणीमागं सरकवून ठेवली होती, म्हणजे येता-जाता दिसू नये. त्यात नुसत्या गोळ्या होत्या का? त्यांचं तेवढं तेवढं दुखणं त्यात होतं, तिनं कातरून ठेवलेलं, लवंगांचा वास लागलेलं. आणि असंही नाही, की तिला कळत नव्हतं. कण्हणं कोणतं आणि हुंकार कोणता, हे तिच्याइतकं जगात कोणाला कळेल? हुंकार आत ओढलेल्या श्वासावर येतो, कण्हणं सोडलेल्या. कधी कधी एका हुंकाराच्या शेपटीला कण्हणं चिकटून यायचं; ती तेवढ्यापुरती थांबायची, मग म्हशीला जरा जोरात पळवायची, म्हणजे ऐकू येणार नाही. कोणाला? तिलाच.

दहा-अकराच्या सुमाराला प्रीती आली, घरी येऊन बघणारी नर्स. पायऱ्या चढून घामाघूम, पाठीवर पिशवी, तोंडभर हसू. "काय म्हणता आबाजी? दुखते का?" मनोहररावांनी आधी जयवंताबाईकडं बघितलं. पुन्हा तेच. मग म्हणाले, "थोडंसं. चालते." प्रीतीनं नाडी बघितली, टाचा बघितल्या, पाठीखाली हात घालून कूस बदलून दिली, कूस बदलताना त्यांचा जबडा असा आवळला गेला की कानाखाली गाठ उठली. प्रीती तेव्हा पलंगाच्या दुसऱ्या बाजूला होती. जयवंताबाई या बाजूला होती. "आजी, गोळ्या टाइमावर नं?" "हो वं. एकदम टाइमावर." यात खोटं काहीच नव्हतं, आणि म्हणूनच तिला ते फार खोटं वाटलं. "तुम्ही जादू केली, आजी. दवाखान्यात तर हे डोळेबी उघडत नव्हते. लोकं काय करते माहीत आहे का? अफूची गोळी म्हणून भितात, आपल्या मनानं कमी करते, अन् पेशंटले तडपवते." "कशी अडाणी लोकं असते नं माय!" जयवंताबाई म्हणाली. जीभ इतकी तयार, की वाक्य मनात यायच्या आधी बाहेर. प्रीतीनं मान डोलावली. जाताना दारात चपला घालता घालता आवाज उतरवून म्हणाली, "आता जास्त नाही, आजी. पाय गार पडून राहिले. विहंगदादाले बोलावून घ्या. अन् त्याइले दुखू नका देऊ, बस."

प्रीतीची पावलं जिन्यात विरायच्या आत तिनं फोन लावला. विहंगनं उचलला, मागं कोणीतरी इंग्रजीत बोलत होतं. "विहंग, लवकर ये. प्रीती म्हणते आता जास्त नाही." तो म्हणाला, "उद्याची फ्लाइट बघतो. बाबा बोलतात ना?" "बोलते. बोलते रे. विहंग, ऐक, मी त्याइले अर्धीच गोळी देऊन राहिली." "काय?" "अर्धी. अडकित्त्यानं कातरते. त्याइनं जागं राहावं म्हणून. गोष्ट ऐकाले." पलीकडून तो हसला, रडता रडता आलेलं, ओलं हसू. "अन् उरलेली अर्धी म्हशीले देतं का?" "खरं सांगून राहिली मी." "आई, परवा तू अदितीला सांगितलं, प्रीतीच्या हातातलं इंजेक्शन घारीनं पळवलं. ती बिचारी खरंच घाबरली होती. आज नको नं. तू आहेस तिथं, म्हणून तर मी इथं झोपू शकतो." फोन ठेवल्यावर ती हातातल्या त्या काळ्या काचेकडं बघत राहिली. चोरानं चोरी केली म्हणून ओरडावं आणि लोकांनी टाळ्या वाजवाव्या. तिच्या तोंडातून निघालेल्या शब्दाला आता वजनच उरलं नव्हतं. तिचं खरं कुठं संपतं आणि खोटं कुठं सुरू होतं, ते ओळखणारा माणूस जगात एकच होता, आणि तो आत कूलरसमोर पडून होता.

दुपारी ती त्यांच्याजवळ बसली. कपाळाची आठी तिनं अंगठ्यानं पुसून पाहिली; पुसली जाईना. "अहो, डॉक्टरचा फोन आला होता. म्हणते, आता अख्खी गोळी घ्या." मनोहररावांनी डोळे उघडले. "डॉक्टरचा नाही. विहंगचा होता." आवाज आता पाण्याखालून यावा तसा यायचा, पण शब्द सरळ. "अर्धीच दे. अख्खीनं झोप येते." मग तिनं ते विचारलं, जे घरी आणल्यापासून एकदाही विचारलं नव्हतं, प्रीती विचारते, विहंग विचारतो, गोपिका विचारते, म्हणून तिनं विचारायचं राहूनच गेलं होतं, असं ती स्वतःला सांगत आली होती. "दुखते का हो?" "आहे." "लय?" त्यांनी जरा वेळ विचार केला, ट्रंक कॉल जोडताना करायचे तसा. "तू सांगतं, तवा कमी राहते."

हे खरं होतं, का हा पण हुंकारच होता? तिला ते ओळखता येईना. एवढी वर्षं ती समजत होती की ती सांगते आणि ते ऐकतात. कधी असंही असेल, की तिला सांगता यावं म्हणून ते जागे राहत आले. नोकरीवरून थकून आले तेव्हाही, विहंगच्या तापाच्या वेळीही, आणि आताही, हाडं आतून जळत असताना, जबडा आवळून, एक माणूस नुसता हुंकारापुरता जागा. की त्यांना खरंच ती म्हैस पाहिजे होती? माणसाला मरताना काय पाहिजे असतं, हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक, आणि हा तर आधी तिच्याकडं बघतो आणि मग बोलतो. "कूलर वाढव जरा," ते म्हणाले, "अन् तू जा, चहा घे." कूलर आधीच फुल्लवर होता. ती उठून स्वयंपाकघरात गेली. रोज जाते तशी. रोज ते हेच म्हणतात, कूलर वाढव, तू जा. आणि तिला वाटायचं, उकाडा सहन होत नाही. ओट्याशी उभी राहून ती आधणाची वाट बघत होती, आणि तेवढ्यात लाइन गेली. कूलरचं पातं गरगरत मंद झालं आणि थांबलं. घर अचानक रिकामं झालं, आणि त्या रिकाम्यात कूलरखाली रोज काय असायचं ते वर आलं. तो मोठा आवाज नव्हता. बारीक, दाबलेला, उंच. माणसाच्या गळ्यातून येईलसं वाटणारच नाही असा, आणि मधेच तोंडात काहीतरी कोंबल्यासारखा तुटणारा. मग त्यांच्याही लक्षात आलं असावं, की लाइन गेली. आवाज एकदम बंद झाला. "जयवंता," ते म्हणाले, अगदी साध्या आवाजात, "लाइन गेली वाटते."

"गेली," ती म्हणाली. तिनं गॅस बंद केला. लोणच्याची बरणी सरकवली. डबीतली एक अर्धी काढून चमच्याखाली रगडली, पीठ होईपर्यंत, आणि वाटीतल्या आमरसात मिसळून टाकली. साखर जास्त घातली. विहंग लहान असताना तापाचं औषध ती असंच चारायची, आणि मनोहरराव दारात उभे राहून म्हणायचे, पोराले फसवून राहिली. दुसरी अर्धी तिनं उघड्या तळहातावर घेतली आणि बाहेर आली. "हे पाहा, अर्धीच," ती म्हणाली. त्यांनी हाताकडं बघितलं. मग तिच्या तोंडाकडं. तिनं आयुष्यात एवढं सपाट खोटं कधी सांगितलं नव्हतं. ना शिंगं ना शेपटी. त्यांनी तोंड उघडलं. गोळी, पाणी, मग आमरस, चमच्या-चमच्यानं, हळूहळू. शेवटचा चमचा गिळून ते म्हणाले, "गोड आहे," आणि जरा थांबून, "आज म्हैस नको. आज एखादी खरी सांग."

खरी! तिनं आठवून पाहिलं. पोतंभर गोष्टी, आणि खरी एकही वर येईना. शेवटी ती म्हणाली, "तुम्ही मले पाहाले आले होते कुहीले, ते सांगू?" "हं." "तुम्ही नागपूरहून सायकलीनं आले." "सायकल नव्हती. गोपाळदादाची मोटारसायकल." "असन. बांधावरून घसरले, अन् चिखलानं असे माखले, का माझ्या बापाले वाटलं रेडाच आला." "घसरला दादा," ते म्हणाले. ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. "मी उभाच होतो." "मी लाल लुगडं नेसली होती." "हिरवं." "हिरवं?" "हिरवं. पदराले शेण लागलं होतं." तिला आठवेना. ती लाल म्हणत आली होती, इतकी वर्षं, सगळ्यांना. आणि आता तिला लालच दिसत होतं. "मंग मी तुम्हाले ताक दिलं. सात गिलास पेले तुम्ही." "एक. खारट होतं." हुंकारांमधलं अंतर वाढायला लागलं होतं. बाहेर लाइन अजून आली नव्हती. खिडकीतून गरम वारा येत होता आणि ती वर्तमानपत्रानं त्यांना वारा घालत होती. तिनं पाहिलं, कपाळावरची आठी सैल होऊन राहिली आहे; एकदम नाही, दोरखंडाची गाठ हळूहळू सुटते तशी. मग जबडा. मग चादरीवर आवळलेली बोटं, एकेक. आणि तो चेहरा जसजसा मोकळा होत गेला, तसतसं तिला दिसत गेलं, की आतापर्यंत तो केवढा बांधलेला होता. रोज समोर बसून ती त्याच चेहऱ्याला गोष्ट सांगत होती, आणि तिला वाटत होतं, हा त्याचा नेहमीचाच चेहरा.

"मंग?" ते म्हणाले. डोळे मिटलेले. "मंग काय. मंग सारे उठले. तुमचा दादा म्हणे, मुलगी काही बोलत नाही." "बोललीस नं तू," ते म्हणाले. "मी? नाही बा. मी कोठची बोलते." "बोललीस. मी वट्ट्यावरून उतरत होतो, अन् तू मांगून आली." त्यांच्या ओठांवर ते हसू आता पूर्ण आलं होतं, तिच्यासाठी नाही, आतल्या आत, त्या दारापुढच्या वट्ट्यावरचं. "काय बोलली मी?" तिनं विचारलं. तिला खरंच आठवत नव्हतं. ही गोष्ट तिच्याजवळ नव्हतीच कधी; ती त्यांच्याजवळ होती, एवढी वर्षं, आणि त्यांनी ती कधी सांगितली नव्हती, कारण सांगायचं काम तिचं होतं. "अहो, काय बोलली मी?" ओठ हलले. "तू म्हटलं..." आणि श्वास लांब झाला, खाली गेला, आणि झोपेत मिसळला.

तिचा हात त्यांच्या खांद्यावर गेला. आता हलवलं तर जागे होतील. आता, या क्षणी, झोप अजून कोवळी आहे तोवर; नावानं हाक मारली तर डोळे उघडतील, एक शब्द सांगतील, एकच, आणि मग झोपले तरी चालेल. उद्या काय होईल, कोणाला माहीत. पाय गार पडून राहिले, म्हणाली होती ती पोरगी. बोटं त्यांच्या सदऱ्यात रुतली. त्या बोटांखाली खांदा सैल होता, ऊबदार, कुठंच काही धरून न ठेवलेला. ती बघत राहिली त्या खांद्याकडं. मग तिनं हात काढून घेतला, आणि तो हात पुन्हा उठणार नाही याचा भरवसा नव्हता, म्हणून दोन्ही हात मांडीखाली दाबून तिथंच, त्यांच्या उशाशी, चोरी करताना सापडलेल्या पोरीसारखी बसून राहिली.